नाकापासून दंडापर्यंत

मराठीत दंड या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खांद्यापासून कोपरापर्यंतचा बाहू तो दंड, आणि अपराध्याला होणारी शिक्षा तीही दंडच. पैलवान दंड थोपटतो आणि न्यायाधीश दंड ठोठावतो. सरकारी कचेऱ्यांतून आयुष्य वेचणाऱ्या आमच्या वाचकांना यांतील दुसरा अर्थ अधिक परिचयाचा असावयाचा. परंतु वैद्यकाच्या इतिहासात हे दोन अर्थ एका ठिकाणी येऊन मिळतात. नाक कापणे ही आपल्या देशात शतकानुशतके चालत आलेली शिक्षा. ते कापलेले नाक पुन्हा घडविण्याच्या गरजेतून एक शल्यविद्या वाढीस लागली, आणि तीच विद्या रूप पालटत पालटत आज बाहूच्या सैल पडलेल्या त्वचेपर्यंत येऊन पोहोचली आहे. या प्रवासाचा मागोवा घ्यावा, आणि त्यातून आजच्या माणसाला उपयोगी पडेल असे काय हाती लागते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आजच काढण्यास कारण आहे. जबलपूरहून कटनीकडे निघाले की सुमारे पंधरा किलोमीटरांवर पनागर लागते. नगरपालिकेचे, बाजारपेठेचे, भोवतालच्या शेतीवर जगणारे हे गाव. अशा गावी बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांतून पूर्वी जो विषय कोणी उच्चारला नसता, तो आता बोलण्यात येऊ लागला आहे. प्रयत्नपूर्वक वजन उतरविले, साखर आटोक्यात आली, गुडघ्यांना आराम पडला. पण दंडाची कातडी मात्र रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. हात वर केला की ती हलते. व्यायामाने जात नाही, चोळून जात नाही. जबलपुरात, नागपुरात, मुंबईत ती कापून दंड सुडौल करून देणारे शल्यविशारद आहेत, हे जाहिरातींवरून सर्वांना ठाऊक झाले आहे. मग ती शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, आणि करून घेतल्यास काय अपेक्षा ठेवावी? या प्रश्नाला कोणी हसून उत्तर देतो, कोणी उपदेश करून. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण दोहोंच्या मागे इतिहासाचे अज्ञान आहे.

प्रारंभ सुश्रुतापासूनच केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या काळाविषयी पंडितांत एकमत नाही. तथापि तिचे मूळ इसवी सनापूर्वीच्या शतकांत आहे असे सामान्यतः मानतात. तिच्या सूत्रस्थानात तुटलेला कान आणि कापलेले नाक सांधण्याचा विधी आला आहे. नाकाच्या आकाराचे वनस्पतीचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा सोलावी, परंतु ती एका बाजूने शरीराला जोडलेली ठेवावी, नाकाचा जुना काठ खरवडून ताजा करावा आणि ती त्वचा तेथे बसवावी. श्वासासाठी नळ्या घालाव्यात, वर औषधी चूर्ण टाकून कापूस ठेवावा व तिळाच्या तेलाचे सिंचन करावे, असा तो क्रम आहे. यातील मर्म एकच आहे. सोललेली त्वचा जिवंत राहावयाची तर नव्या जागी रुजेपर्यंत तिला मूळ जागेचे रक्त मिळत राहिले पाहिजे. फळाला जसा देठ, तसा त्वचेला देठ राखावयाचा.

याच ग्रंथातील आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जखमेच्या उपचारांचे जे साठ प्रकार सुश्रुताने सांगितले आहेत, त्यांत जखम भरून आल्यावर उरणाऱ्या डागाचा विचारही आहे. पांढरा डाग काळा करणे, काळा डाग उजळ करणे, वणावर केस उगवविणे, अशा कर्मांना त्याने स्वतंत्र नावे दिली आहेत. म्हणजे रोगी वाचला की वैद्याचे काम संपले असे त्या आचार्याने मानले नाही. वाचलेल्या माणसाला चारचौघांत वावरावयाचे असते याची त्याला जाणीव होती. सौंदर्यासाठी शल्यकर्म ही केवळ आधुनिक चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

उलट, स्थूलतेविषयी आपल्या प्राचीनांनी शस्त्र उचलल्याचे दिसत नाही. चरकसंहितेत निंद्य शरीराचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन विशेष विस्ताराने वर्णिले आहेत. अतिस्थूलाचे मांस आणि मेद कसे लोंबतात व हलतात याचे वर्णनही तेथे आहे. पण उपाय सांगितला तो आहाराचा, व्यायामाचा आणि औषधाचा. वजन उतरल्यावर मागे राहणाऱ्या कातडीचे काय करावे, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यापुढे फारसा आला नसावा. तो आपल्या काळाचा प्रश्न आहे.

आता दंड या विद्येच्या इतिहासात प्रथम कोठे येतो ते पाहू. पंधराव्या शतकात इटलीतील सिसिली बेटावर ब्रांका नावाचे एक घराणे नाक दुरुस्त करण्यासाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांतील मुलाने नाकासाठी चेहऱ्याऐवजी बाहूची त्वचा वापरण्यास आरंभ केला. पुढे बोलोन्या येथील गास्पारे ताल्याकोत्सी या अध्यापकाने हीच पद्धती शास्त्रशुद्ध करून १५९७ साली तिच्यावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दंडाच्या आतल्या अंगाची मऊ त्वचा तो अर्धवट सोलवी आणि हात डोक्याकडे वळवून ती नाकाच्या जागी शिवी. त्वचा रुजेपर्यंत रोग्याला दोनतीन आठवडे हात चेहऱ्याशी जखडलेल्या अवस्थेत काढावे लागत. त्यासाठी पट्ट्यापट्ट्यांचा एक खास अंगरखाच त्याने योजला होता. भुलीची औषधे नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या तपश्चर्येची कल्पना येईल. निसर्गाने दिलेले आणि दैवाने हिरावलेले अवयव आपण परत देतो ते डोळ्यांच्या सुखासाठी तितके नव्हे, जितके खचलेल्या मनाला उभारी देण्यासाठी, अशा आशयाचे विचार त्याने आपल्या ग्रंथात मांडले आहेत. अशा रीतीने शल्यविद्येच्या इतिहासात दंड प्रथम आला तो दाता म्हणून. त्याची त्वचा दुसऱ्या अवयवासाठी खर्ची पडत होती.

ताल्याकोत्सीनंतर ही कला युरोपात जवळजवळ लोप पावली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते मात्र आपल्या पुण्यामुळे, आणि हा भाग प्रत्येक मराठी माणसाने जाणून घ्यावा असा आहे.

टिपूविरुद्धच्या ज्या युद्धात मराठे आणि इंग्रज एका बाजूने लढले, ते १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या तहाने संपले. त्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा कुणबी टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. इंग्रजी वृत्तान्तात त्याचे नाव कावसजी असे लिहिले आहे. सुमारे बारा महिने तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. चार्ल्स मॅलेट हे त्या वेळी पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील होते. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हा सर्व वृत्तान्त सचित्र छापून आला.

त्या वृत्तान्तातील तपशील पाहण्यासारखा आहे. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते चेहऱ्यावर बसवून पाहिले. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्याभोवती रेघ ओढली. त्या रेघेने कपाळाची त्वचा सोलून काढली, मात्र दोन डोळ्यांच्या मधला देठ राखला. नाकाच्या खुंटाभोवती छेद घेऊन ती त्वचा पिळा देऊन खाली आणली व त्या छेदात बसविली. वर पाण्यात कालविलेला कात लावलेल्या कापडाच्या पाचसहा पट्ट्या एकीवर एक ठेवल्या. चार दिवस एवढेच. मग तुपात भिजविलेल्या चिंध्या. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालावयाचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापून टाकावयाचा. आणि अखेर असे नमूद केले आहे की, कपाळावरचा वण काही काळाने फारसा नजरेत भरत नाही.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व आम्हाला फार वाटते. वण राहत नाही असे वृत्तान्तकाराने म्हटलेले नाही. तो राहतो, पण काळाने मंदावतो, एवढेच सत्य त्याने सांगितले. नाकासाठी कपाळ द्यावे लागले, आणि दिलेल्याची खूण कपाळावर उरली. हा सौदा कावसजीने डोळे उघडे ठेवून केला. ज्याने तो घडवून आणला त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीचा होता एवढेच वृत्तान्तावरून कळते, आणि पुढे त्याला कुंभार म्हणण्याचा प्रघात पडला. योगायोग असा की, पुढे १८३८ साली झाइस या जर्मन शल्यवैद्याने या विद्येवर ग्रंथ लिहिताना 'प्लास्टिक' हा शब्द रूढ केला, आणि त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ मातीला आकार देणे असाच आहे. पुण्याच्या त्या अनामिकाला ग्रीक येत नव्हते. पण आकार देण्याचे मर्म त्याच्या हातात होते.

पनागरशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी घेतले आणि १७९८ साली नर्मदेच्या खोऱ्याचा हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे गेला. म्हणजे कावसजीचे नाक घडत होते त्या वर्षी जबलपूर-पनागरचा हा टापू सागरकरांच्या, आणि त्यांच्यामार्फत पुण्याच्याच छायेत होता. डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. मराठी माणूस नोकरीसाठी या प्रांतात परका म्हणून आला असे आपण समजतो, ते सर्वस्वी खरे नाही.

पुण्याचा वृत्तान्त वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने प्रेतांवर सराव केला, योग्य रोग्याची अनेक वर्षे वाट पाहिली, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका सैनिकी अधिकाऱ्याचे नाक याच रीतीने घडविले. त्याचे पुस्तक १८१६ साली निघाले, आणि 'हिंदी पद्धती' या नावाने ही क्रिया युरोपभर पसरली. जर्मनीत ग्रेफे याने १८१८ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. विद्या येथून गेली आणि नवे वस्त्र पांघरून येथेच परत आली. जुनागड येथील त्रिभुवनदास मोतीचंद शहा या वैद्याने दरोडेखोरांनी नाके कापलेल्या शंभरांहून अधिक माणसांवर चार वर्षांत ही क्रिया करून १८८९ साली त्यावर पुस्तक लिहिले. इंदूरच्या रेसिडेन्सीतील शल्यवैद्य कीगन याने या पद्धतीत सुधारणा केल्या आणि १९०० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८४६ साली ईथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म आल्यामुळे रोग्याच्या यातना या काळापर्यंत पुष्कळ कमी झाल्या होत्या.

पहिल्या महायुद्धाने या विद्येला प्रौढत्व दिले. तोफांनी चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक हजारोंनी इंग्लंडात येऊ लागले, आणि सिडकप येथील इस्पितळात हॅरल्ड गिलीझ यांनी १९१७ पासून त्यांच्यावर उपचार केले. त्वचेचा पट्टा नळीसारखा गुंडाळून शिवावयाचा व त्या नळीतून रक्तपुरवठा राखावयाचा, ही युक्ती त्यांनी प्रचारात आणली. पाहू गेल्यास हा पुण्याचा देठच होता, फक्त लांब केलेला.

भारतात या शाखेचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही नागपूरच्या नावाने ओळखले जाते. येथेही काळाने एक गंमत केली आहे. १९५५ साली जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा नागपूर ही पनागरचीही राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची फेररचना झाली आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. विभाग निघाला तेव्हा मध्ये प्रांताची सीमा पडली होती, पण रोग्यांना सीमा ठाऊक नसते. मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेले हात आणि चेहरे सुधारण्यासाठी या विद्येचा उपयोग केला. समाजाने दूर लोटलेल्या माणसाला समाजात परत आणणे, हा तिचा जुना धर्म त्यांनी पाळला.

येथवरचा इतिहास गमावलेले परत मिळविण्याचा आहे. दंडाची शस्त्रक्रिया ही दुसऱ्या जातीची; तीत गेलेले काही परत आणावयाचे नसते, जास्तीचे काढावयाचे असते. लोंबणारे स्तन, पोट आणि बाहू यांवरील शल्यकर्माचे वर्णन शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी १९३० साली केले. १९५४ साली अर्जेंटिनातील कोरेआ-इतुरास्पे व फेर्नांदेस यांनी केवळ सौंदर्याच्या दृष्टीने दंडाची जादा त्वचा काढण्याची पद्धती मांडली. १९८२ च्या सुमारास इलूझ या फ्रेंच शल्यवैद्याची, बोथट नळीने चरबी शोषून घेण्याची रीत जगभर माहीत झाली. १९९५ साली अमेरिकेतील लॉकवुड यांनी त्वचेखालचा घट्ट पापुद्रा काखेतील भक्कम ऊतींना टाचून घेण्याची कल्पना पुढे आणली. त्यामुळे सारा ताण त्वचेवर न येता वण कमी रुंदावतो. त्यानंतर जठरावरील शस्त्रक्रियांनी चाळीस-पन्नास किलो वजन उतरविणारी माणसे वाढू लागली, आणि त्यांच्याबरोबर ही शस्त्रक्रियाही वाढली. त्यांच्या बाबतीत ती नुसती हौस म्हणता येत नाही. कातडीच्या घड्या घामाने ओल्या राहतात, घासून सोलवटतात, जबलपूरच्या उन्हाळ्यात त्यांत बुरशी धरते, आणि बाहीत हात जाईनासा होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काय अपेक्षा ठेवावी?

पहिली गोष्ट अशी की, दोष चरबीचा की त्वचेचा हे तज्ज्ञाने हात लावून ठरविले पाहिजे. त्वचा ताठ असून चरबी जास्त असेल तर नळीने चरबी शोषून भागते, आणि वण बारीक बारीक राहतात. त्वचाच सैल असेल तर ती कापावी लागते. सैलपणा काखेजवळच थोडा असेल तर छेद काखेत लपविता येतो. एरवी तो काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या किंवा मागल्या अंगाने जातो. म्हणजे हात वर केल्यावर दिसेल अशी वीतभर लांबीची रेघ दोन्ही बाहूंवर कायमची राहते. कपाळाच्या वणाबद्दल पुण्याच्या वृत्तान्तात जे म्हटले आहे, तेच येथेही खरे आहे. ती रेघ पहिले काही महिने लाल आणि जाडसर असते, वर्ष-दीड वर्षात फिकी पडते, पुसली मात्र जात नाही. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत वण फुगण्याची व काळवंडण्याची प्रवृत्ती अधिक असते. अंगावर पूर्वीचा एखादा वण असा फुगलेला असेल तर ते आधीच सांगावे.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. वजन काही महिने, शक्यतो सहा महिने, एकाच ठिकाणी स्थिर असावे. पुढे आणखी उतरले तर कातडी पुन्हा सैल पडते, वाढले तर पुन्हा ताणते. विडी-सिगारेट व तंबाखू निदान चार आठवडे आधी सोडावी, कारण तिने त्वचेचे रक्त आटते, आणि रक्त आटले की शिवण उसवते. मधुमेह आटोक्यात असावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्याविषयी वैद्याला विचारावे. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर हात कायमचा सुजण्याचा धोका असतो, आणि पुष्कळदा नकार हेच योग्य उत्तर ठरते.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष क्रियेची. रोग्याला उभे करून, हात पसरवून, दंडावर खुणा केल्या जातात. मेणाच्या पत्र्याची जागा आता शाईच्या लेखणीने घेतली आहे. बहुधा पूर्ण भूल देतात, आणि दीड ते तीन तास लागतात. कोपराजवळ त्वचेखालून एक नाजूक मज्जातंतू जातो. तो दुखावला तर हाताच्या आतल्या बाजूची संवेदना कमी होते, म्हणून कुशल हात तेथे जपून चालतो. आतून थरांनी टाके घालतात, कधी स्राव वाहून जाण्यासाठी नळी ठेवतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते.

चौथी गोष्ट नंतरच्या दिवसांची. सूज आणि काळेनिळेपण दोनतीन आठवडे राहते. हात उशीवर उंच ठेवावे लागतात, आणि घट्ट बाह्यांचे खास वस्त्र चार ते सहा आठवडे घालावे लागते. बसून करावयाच्या कामावर आठदहा दिवसांत जाता येईल. परंतु पाण्याची बादली उचलणे, फळीवरचा डबा काढणे, लहान मुलाला कडेवर घेणे ही कामे चार ते सहा आठवडे बंद. बदलीच्या गावी, सासर-माहेरची माणसे जवळ नसताना, हा विचार सर्वांत आधी केला पाहिजे. कावसजीला पाचसहा दिवस उताणे पडावयाचे होते, ताल्याकोत्सीच्या रोग्याला दोनतीन आठवडे हात बांधून घ्यावयाचा होता. विद्या पुढे गेली, तरी शरीराला लागणारा वेळ काही फारसा घटलेला नाही.

पाचवी गोष्ट विघ्नांची. काखेजवळ शिवण थोडी उसवणे, त्वचेखाली पाण्यासारखा स्राव साचणे, पू होणे, दोन दंडांत थोडा फरक राहणे, बधिरपणा येणे, हे प्रकार होतात. बहुतेक बरे होतात, पण काहींना पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती मात्र प्राणावर बेतू शकते. पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नये.

राहता राहिला पैसा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च आरोग्यविमा देत नाही, आणि सरकारी परतफेडीच्या नियमांतही तो सर्वसाधारणपणे बसत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज यांची गोष्ट वेगळी. ती गरज असेल तर तिची लेखी नोंद आधीच करून घ्यावी. शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे या शाखेची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी आहे की नाही, जागा खरोखरीचे इस्पितळ आहे की नुसते सौंदर्यगृह, भूल देणारा तज्ज्ञ कोण, हे विचारण्यात भिडस्तपणा नको. कागद तपासणे हा आपल्या वाचकांचा धंदाच आहे. तो कचेरीपुरता ठेवू नये. आणि वण राहणारच नाही असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक मासिकाचा लेखक जे प्रामाणिकपणे लिहू शकला, ते आजच्या वैद्याला बोलता येत नसेल तर त्याच्या हाती आपला दंड देऊ नये.

मग करावी की करू नये? हे आम्ही ठरवू शकत नाही, आणि शेजाऱ्यांनी व नातलगांनीही ठरवू नये. कापलेल्या नाकाची लाज आणि लोंबत्या दंडाची लाज एका मापाची नाही, हे उघड आहे. एकीत शत्रूची सुरी होती, दुसरीत पुष्कळदा आरसा आणि जाहिरात असते. बाह्या लांब केल्याने किंवा आरशाकडे न पाहिल्याने जिचे समाधान होते, तिने सुरीखाली जाऊ नये. पोरांना वाढविताना, दुखण्यांतून उठताना, वजनाशी झगडताना शरीरावर उमटलेल्या खुणांना लाजण्याचे तिला कारण नाही. परंतु जिला त्या कातडीने रोज जखम होते, किंवा वर्षानुवर्षांच्या कष्टानंतरही जुने शरीर आपल्याला चिकटून राहिले आहे असे जिला वाटते, तिच्या इच्छेला उथळ म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. खचलेल्या मनाला उभारी देणे हाही या विद्येचा हेतू असल्याचे चारशे वर्षांपूर्वीच मांडले गेले आहे.

पुण्याच्या त्या कारागिराने आधी मेणाचे नाक चेहऱ्यावर ठेवून पाहिले, मग कपाळावर रेघ ओढली, आणि शस्त्र उचलले ते सर्वांत शेवटी. काय मिळणार, ते कोठून घ्यावयाचे आणि तेथे काय उरणार, याचा हिशेब त्या रेघेतच होता. दंडाच्या बाबतीतही हिशेब तोच आहे. एका बाजूला सैलपणा, दुसऱ्या बाजूला काखेपासून कोपरापर्यंतची रेघ. ज्याचे शरीर त्याने ही दोन मापे समोरासमोर ठेवावीत, आणि दुसरे माप झाकून कोणी पहिलेच दाखवू लागला तर उठून घरी यावे.